वेदिकाला परत मी पाठवलं

नाही साहेब, सही होणार नाही. तो कागद घाला परत पिशवीत — सरबत घ्या, कोकमाचं आहे, आमच्या हिने केलंय — पण कागद आत ठेवा. काय लिहिलंय त्यात? पाळक आत्माराम सोनटक्के रविवारी उपासनेत जे बोलले ते भावनेच्या भरात बोलले, त्यांनी त्या बाईला नुसतं सर्वसाधारण मार्गदर्शन केलं होतं. भरात? अहो, तीन दिवस शब्द न् शब्द जुळवत होतो मी. मुंबईच्या मुख्य कचेरीतून एवढ्या लांब आलात, इथल्या चर्चच्या मंडळीची काळजी आहे तुम्हाला, कळतं मला. पण इथल्या अकरा वर्षांत इतका शुद्धीवर मी कधी बोललो नव्हतो.

काय बोललो? उभा राहिलो आणि म्हणालो, आपली वेदिका दवाखान्यात आहे, हात दोन ठिकाणी मोडलाय, आणि तिला त्या घरात परत पाठवणारा मी आहे. एवढंच. कोण वेदिका — बरोबर, तुम्हाला कशी माहीत असणार. मिरकरवाड्याकडे बालवाडीत शिकवते. नवरा स्वरूप, आमच्या पंच कमिटीत, रविवारी पेटी तोच वाजवतो — फार गोड वाजवतो, खोटं का बोलू. तो मारतो, म्हणून गणपतीच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली, याच पडवीत, तुम्ही बसलात तिथेच बसली. आणि मी काय केलं? क्षमेचं वचन वाचलं, प्रार्थना केली, म्हटलं, घर मोडू नको गो, प्रभू बदलील त्याला. गेली ती. तिची आई मथुराबाई नको नको म्हणत होती, पण पाळकाने सांगितलं ना — गेली.

आता पंच म्हणतात, हात उचलला स्वरूपने, पाळक का अंगावर घेतो? घेतो म्हणजे? माझ्याच अंगावर आहे ते. त्याचा गुन्हा त्याच्याकडे, पोलीस बघतील. पण माझा शब्द मी कुणाच्या गळ्यात घालू? देवाच्या? देवाची इच्छा म्हणून मोकळा होऊ? माणसं पुरताना पुष्कळदा म्हणालोय ते, यावेळी जीभ वळली नाही. मेंढरू दरीत गेलं की मेंढपाळाने काय म्हणायचं, मी सर्वसाधारण मार्गदर्शन केलं होतं? आणि मंडळी फुटेल म्हणता — फुटू दे. तीन घरं उपासनेतून उठून गेली, बघितली मी जाताना, तरी थांबलो नाही. दवाखान्यात गेलो तेव्हा वेदिकाने तोंड भिंतीकडे केलं. मथुराबाई मागोमाग बाहेर आली, आवाज न चढवता म्हणाली, "पाळकबाबा, दर वेळी तुमच्याकडून आली की माझी पोर दोन दिवस बोलायची नाही." दर वेळी —

हो. दर वेळी म्हणाली ती. तीनदा आली होती वेदिका. रविवारी मी एकदाचंच सांगितलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिने ओढणी बाजूला करून मानेवरचा वळ दाखवला, आणि मी — मी पुस्तकाची पानं उलटत बसलो, वचन शोधतोय असं दाखवत. नाताळ आठवड्यावर होता, साहेब. गाणी बसवायची होती. स्वरूपशिवाय पेटीला दुसरं कोणी नव्हतं. त्यासाठी मी ती मान बघितली नाही. हिलासुद्धा सांगितलेलं नाही हे.

पेन का बंद केलंत? इतका वेळ टिपत होतात, हेही लिहा की. नाही? बरं. पोलिसांत आज माझा जबाब आहे, तिथे तिन्ही वेळा सांगणार, वळासकट, पेटीसकट. येत्या रविवारी मंडळीलाही. त्यानंतर मला ठेवायचं की काढायचं ते तुमच्या कचेरीने ठरवावं, मी कुठे अपील करत नाही. पण तोवर इथला पाळक मीच आहे, आणि माझ्या वतीने कोणी कागद लिहायचा नाही.

उठा आता. मला कपडे बदलायचेत.