बाबांची बंदूक आणि बाबांचा गाल

अगो, आमच्या सासऱ्यांच्या बंदुकीची गंमत ऐक. रानडुकरं भात खातात म्हणून त्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे. पण यंदा ती उजवीकडेच मारायला लागली, आणि शेताच्या उजवीकडे आमचं अंगण. तिथे माझी चिमी खेळते!

मी म्हटलं, "बाबा, नेम सुधारल्याशिवाय बार काढायचा नाही."

"मग डुकरांना पानं वाढ," बाबा म्हणाले.

रत्नागिरीत दाखवली, तर दुरुस्तीवाला म्हणे नळी सरळ आहे. मग बाबांनी घरामागच्या परड्यातल्या मातीच्या बांधाला कागद लावला. चिमीला घरात कोंडून मी दारातून बघत होते. बाबांनी दस्त्याला गाल टेकवला.

"बाबा, तुमचा गाल एवढा आत कसा गेला?"

"कवळी काढून ठेवली गो. गेल्या वर्षीपर्यंत दात होते तेव्हा बरं होतं, ही धक्क्याने पडते."

"मग गाल आत गेला की डोळा पण सरकणारच ना?"

बाबांनी आत जाऊन कवळी आणली. ती बसवून त्यांनी बार काढला, तर कागदाची मधोमध चाळण!

सासूबाई म्हणाल्या, "आता कवळीचाही परवाना काढा."

तेव्हापासून बाबा बंदूक घेऊन निघाले की मी दारात आडवी उभी राहते. म्हणते, "बाबा, आधी हसून दाखवा."