गाडीवरचं नाव

“सुमन, छातीतली गाठ काय पोरीच्या रुखवतात मांडणार आहेस, म्हणून जपून ठेवलीस?” मी शेजारणीवर कडाडले.

“हळू बोल, अक्का!”

गल्लीत सकाळपासून तपासणीची गाडी उभी होती, वर हातभर अक्षरांत ‘कॅन्सर’. देशभराची योजना आखायच्या आधी गाव बघावं, म्हणून जळगावच्या डॉक्टरीणबाई भडगावला आलेल्या. बायका ओट्यावरून बघत, पण चढेना एकही. “आजी, असं का?” बाईंनी मला विचारलं. मलाही ते कोडंच होतं. मी स्वतः तपासून घेऊन आले, तरी कोणी हलेना.

सुमननं मला दाराआड ओढलं. “रविवारले पोरीले देखाले पाव्हणा येतीन.”

“मग?”

“अक्का, गाडीवरलं ते नाव पुसाले लाव, मी आत्तेच चढस.”