उघडिपीच्या आदल्या दिवशी

(शुक्रवार, सकाळचे दहा. स्कॉटलंडच्या पश्चिमेचं एक लहानसं बेट. नऊ दिवसांच्या वादळानंतर आज पहिली बोट लागली आहे. धक्क्यावर इफी आपल्या धाकट्या भावासमोर, मर्डोसमोर, हातातली बॅग न सोडता उभी आहे.)

इफी : काल म्हणजे काल? गुरुवारी?

मर्डो : काल दुपारी. बॅग दे इकडे.

इफी : बॅगेला हात लावू नकोस. बाबा गेल्याचं कळल्यापासून नऊ दिवस मी पलीकडच्या बंदरात अडकले होते. रोज उजाडलं की तिकिटाच्या खिडकीसमोर उभी, आणि रोज तेच, आज बोट नाही. आणि तू बाबांना पुरून मोकळा झालास.

मर्डो : फोन बंद होते. टॉवर पडलाय.

इफी : रेडिओ तर चालू होता ना? शुक्रवारी आभाळ निवळणार, हे बुधवारपासून सांगत होते. मी ऐकलं. तू नाही ऐकलंस?

मर्डो : ऐकलं.

इफी : ऐकलं, आणि तरी?

मर्डो : ऐकलं म्हणूनच. मागे वळून बघ जरा. बंदरात एक तरी होडी दिसतेय?

इफी : मला होड्या दाखवू नकोस.

मर्डो : शेवंडं पकडायचे पिंजरे नऊ दिवस समुद्रात पडून होते. निम्मे फुटले असणार. आज पहाटे तारे दिसले तसे सगळे पिंजरे काढायला गेले. बेटावर धडधाकट पुरुष किती उरलेत, मला धरून आठ. दफनभूमीचा रस्ता लाटांनी खाल्लाय, गाडी जात नाही. दोन मैल पेटी खांद्यावरून न्यायची. आज कोण होतं न्यायला? मी आणि पाद्रीबाबा?

इफी : एक दिवस थांबा म्हणायचं होतंस. बाबांसाठी थांबले नसते?

मर्डो : थांबले असते. एकूण एक थांबला असता. म्हणून तर तोंड उघडलं नाही. आजचा दिवस गेला तर पुढचा कधी मिळणार, कुणाला माहीत.

इफी : वा. गावाची एवढी काळजी. बहीण गेली खड्ड्यात.

मर्डो : आणि बाबांनी स्वतः कधी उघडिपीचा दिवस किनाऱ्यावर काढला होता?

इफी : ते मला सांगतोस? माझ्या लग्नाला आले नाहीत ते, ऊन पडलं होतं म्हणून. चर्चच्या दारात पाऊण तास वाट बघितली मी त्यांची. तेव्हा गिळलं. आता हेही गिळू?

मर्डो : नको गिळूस.

इफी : खरं बोल. दोरीमुळे केलंस ना हे सगळं?

मर्डो : कसली दोरी?

इफी : वेड पांघरू नकोस. पेटी खाली सोडायच्या आठ दोऱ्या, त्यातली डोक्याकडची थोरल्याची. इथे बाई थडग्यापाशी जात नाही, माहितीये मला. पण नव्या वर्षाच्या जेवणाला सगळ्यांसमोर बाबा म्हणाले होते, माझी डोक्याकडची दोरी इफी धरेल. तुझा चेहरा तेव्हाच पडला होता.

मर्डो : पडला होता. खोटं कशाला बोलू.

इफी : मग काल धरलीस ना ऐटीत?

मर्डो : नाही. मी पायाकडची धरली.

इफी : मग माझी कुणाला दिलीस? कॅलमकाकांना?

मर्डो : कुणालाच नाही. काका पुढे झाले, तर मी त्यांचा हात मागे ओढला. म्हटलं, ती इफीची आहे. सात जणांनीच उतरवलं.

इफी : सात जणांनी. पेटी कलली असेल.

मर्डो : कलली. डोक्याकडून आधी गेली. जरा आपटली.

इफी : अरे गाढवा, द्यायची कुणालाही. त्या म्हाताऱ्याला अलगद तरी ठेवायचं होतंस. एवढी अक्कल नाही तुला?

मर्डो : तुझी होती ती.

इफी : गाडीत गमबूट आहेत का कुणाचे?

मर्डो : आईचे आहेत. मागच्या सीटखाली.

इफी : काढ ते. बाबांच्या थडग्यापाशी चिखल असेल अजून. आणि वाटेत माझ्याशी एक शब्द बोलू नकोस.