रीळ बदलतानाचा चेहरा

ऑपरेशन करून घेतलं तर म्हाताऱ्याला एक डोळा मिळणार होता, पळाला तर नुसता घरचा चहा. डोळ्यांच्या दवाखान्यात स्वतःच्याही डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या शिंपीणबाईंना शेजारच्या बाकावरचं ते म्हातारं जोडपं धुक्यात तरंगल्यासारखं दिसत होतं.

"चल, उठ. दिसतंय तेवढं पुरे," म्हातारा बायकोला म्हणाला.

"बसा हो. तुमचा तो घोड्यांचा सिनेमा सांगा."

"घोडे नावाला! टोप्या, बंदुका, माळरान सगळं होतं, पण ऊन कुठंच नाही. नायक सावलीला चिकटून चालायचा आणि जुनं पाप घोड्यावर बसून मागे यायचं."

"आणि ती बाई?"

"खरी की खोटी, ते तिनं वळून बघितलं की कळायचं. नेमकं तेव्हाच मला मशीनवर रीळ बदलावं लागायचं! अकरा आठवडे चालवला सिनेमा, पण माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या, रीळ संपल्याच्या खुणेवर. चेहरा राहूनच गेला."

"मी पाहिलाय. रोज डबा घेऊन यायचे ना!"

"मग सांग की!"

"अंहं. शनिवारी पुन्हा लागतोय. नव्या डोळ्यानं बघा."

म्हातारा पुटपुटत नर्सबरोबर आत गेला.

"आजी, होती का हो ती खरी?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"मला काय ठाऊक, बाई! मी पडद्याकडे पाठ करून यांच्या मशीनच्या खिडकीकडे बघत बसायचे. आता यांना डोळा मिळेल, आणि शनिवारी माझी चोरी पकडली जाईल."