रिकामं देवघर

मी मूळची वाशिमकडली. लग्न झालं आणि भांडुपला आले, टेकडीवर वरच्या अंगाला आमची खोली, तिथंच सगळा संसार. मालक मुलुंडला एका कंपनीत फिटर होते, ते गेले आता, आणि मी अंधेरीला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला. उभ्यानं काम, पट्ट्यावरनं खोके येत राहायचे, बसायचं नाव नाही, त्यामुळं रिटायर झाले तरी मला एका जागी बसवत नाही बघा. तुम्ही बसा, मी बोलता बोलता फिरत राहीन, तुम्ही लिहा.

एकच पोरगी, प्रज्ञा. शिकली, इंजिनियर झाली, अंधेरीलाच मोठ्या ऑफिसात लागली, आणि मग मुलुंडला ह्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. जुना होता, कुणीतरी राहून गेलेला, तर म्हणाली आई, आतलं सगळं तोडून नवीन करायचं आणि तू भांडुप सोडून इथं यायचं. मी म्हणलं चांगल्या धडधाकट लाद्या कशाला फोडतेस गं, तर म्हणे तुला नाही कळत, आता असंच करतात. बरं बाई, नाही कळत. मालक असते तर रोज येऊन मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहिले असते, त्यांना दुसऱ्याच्या कामात खोट काढायची लय हौस. ते नाहीत म्हणून मग मीच जायचे. भांडुपहून बस पकडून यायचे, धूळ खायचे, परत जायचे. घरी गेले की वाटायचं तिकडं काय चाललं असेल, आणि इथं आले की वाटायचं कधी एकदा निघते.

तर तो डिझायनर, निनाद त्याचं नाव, चांगला पोरगा होता, खोटं कशाला बोलू. मला आंटी आंटी करायचा. सगळं विचारून घेतलं त्यानं, आंटी सकाळी किती लवकर उठता, चहा कुठं घ्यायला आवडतो, गुडघे दुखतात का, आणि गुडघ्याचं सांगितलं तर बाथरूममध्ये धरायला स्टीलची दांडी लावून दिली. म्हणजे विचारणारा माणूस. पण एक गोष्ट त्यानं विचारलीच नाही, त्याला वाटलंच नाही की ती विचारायची असते.

एक दिवस लॅपटॉपवर अख्खं घर दाखवलं, जसं होणार तसं. हे किचन, ही तुमची खोली, इथं टीव्ही, वर फॉल्स सीलिंग. मी आपली झकास झकास म्हणत होते. आणि हॉलच्या कोपऱ्यात बघते तर पांढऱ्या मार्बलचं देवघर, पुढं ओम कोरलेली जाळी, मागून पिवळा लाईट, वर छोटी घंटा. निनाद म्हणाला, ईशान्य साधलीय बरं का आंटी.

आता आम्ही बौद्ध. आमच्याकडं कसलं देवघर आणि कसली घंटा. मी प्रज्ञाकडं बघितलं, म्हणलं आता सांगेल. ती लॅपटॉपकडंच बघत राहिली आणि म्हणाली, छान आहे. मग त्यानं पुढचं चित्र काढलं, दारातून आत आल्यावर जोडे ठेवायचं कपाट आणि त्या कपाटावर बुद्धाचं नुसतं डोकं, दगडी, मानेखाली काही नाही. म्हणे ह्यानं शिरल्या शिरल्या शांत वाटतं, हल्ली सगळे ठेवतात. प्रज्ञा म्हणाली, नको रे हे, काढ. त्यानं विचारलं का गं. तर म्हणाली, मला नाही आवडत असलं.

असलं म्हणाली. काय सांगू तुम्हाला, मला ते लय लागलं. आमचा आहे तो, चपलांवर ठेवू नको, एवढं म्हणायला काय झालं होतं? रिक्षात बसल्यावर मी विचारलं तर म्हणाली आई, त्याला काय करायचंय आपलं, आणि देवघराचं म्हणशील तर सगळ्यांच्याच घरात असतं, एक कोपरा आहे, राहू दे. घर पोरीचं, मेहनत पोरीची. पण तेव्हापासून जे मनात फिरायला लागलं ते थांबेना. ते मार्बल कापताना मी समोर उभी होते, मिस्त्री ती ओमची जाळी कापडानं पुसून पुसून बसवत होता, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

राहायला आलो. भांडुपची आमची बुद्धाची मूर्ती, मालकांनी आणलेली, ती मी माझ्या खोलीत खिडकीपाशी ठेवली, आणि हॉलमध्ये ते देवघर रिकामं. संध्याकाळ झाली की त्याचा लाईट आपोआप लागायचा, तशी सोयच केलेली. मी जाऊन बंद करायचे. पुन्हा दुसऱ्या दिवशी लागायचा.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक बाई राहतात, प्रज्ञा काकू म्हणते म्हणून मी पण काकूच म्हणते. स्वभावानं गोड. सणासुदीला डबा आणायच्या, प्रसाद द्यायच्या, आणि दर वेळी हॉलमध्ये डोकावून म्हणायच्या, अगं अजून देव नाही बसवले? प्रज्ञा म्हणायची काकू, मुहूर्त मिळत नाहीये. मग म्हणायला लागली गुरुजींना वेळ नाही. कोण गुरुजी? मी तोंडात पदर धरून आत जायचे. हसू म्हणाल तर हसू, रडू म्हणाल तर रडू.

आणि मग एका रविवारी काकू आल्या त्या पितळेचा गणपती घेऊन, लाल कापडात गुंडाळलेला. म्हणाल्या, घर असं देवाविना ठेवू नये गं, मी आणलाय तुझ्यासाठी. आता बघा, माझं देवाशी भांडण नाही, ज्याचा आहे त्यानं मनापासून पुजावा, पण आम्ही देव पुजणार नाही अशी शपथ घेतलेली माणसं. मी एका वाक्यात सांगितलं असतं. आयुष्यभर सांगतच आले, कंपनीत सांगितलं, पोरीच्या शाळेत सांगितलं, कुणाच्या बापाला भ्याले नाही. पण घर तिचं, बोलायचं तिनं, म्हणून मी जीभ दातांत धरून तिच्याकडं बघत राहिले. प्रज्ञानं दोन्ही हातांनी गणपती घेतला, देवघरात ठेवला. काकूंनी हात जोडले, घंटा वाजवली आणि गेल्या.

मी माझी पिशवी भरली. चार साड्या आणि मूर्ती टॉवेलात गुंडाळून. म्हणलं मी भांडुपला जाते, तिथं मला कुणी मुहूर्त विचारत नाही. प्रज्ञानं पिशवी धरून ठेवली, सोडेना, आणि मग बोलली. नोकरी लागली तेव्हा अंधेरीला ती मैत्रिणींबरोबर भाड्यानं फ्लॅट बघत होती ना, तेव्हा मला म्हणाली होती की पाण्याची बोंब आहे म्हणून सोडला. पाण्याचं काही नव्हतं. चावी हातात आली होती, मग फ्लॅटवाल्यानं आडनाव विचारलं, कुठल्या तुम्ही विचारलं, आणि लगेच त्याच्या बहिणीलाच तो फ्लॅट पायजे झाला. दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसऱ्या ठिकाणी तिनं आडनाव मैत्रिणीचं पुढं केलं आणि फ्लॅट मिळाला. मला ह्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. पोरगी एवढं गिळून बसली आणि मी तिला मनातल्या मनात आपल्या माणसांना लाजणारी समजत होते.

मी म्हणलं, पण आता घर तुझ्या नावावर आहे, आता कोण काढणार तुला? तर म्हणाली काढणार कुणी नाही गं आई, पण दारं समोरासमोर आहेत, रोज एकाच लिफ्टमधून जायचंय. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्याच संध्याकाळी ती उठली, गणपती नीट लाल कापडात गुंडाळला आणि समोरची बेल दाबली. मी दारात उभी. काकू, आम्ही बौद्ध आहोत, म्हणाली, आम्ही ह्याची पूजा नाही करणार, आमच्याकडं राहिला तर धूळ खाईल, म्हणून परत आणलाय, राग मानू नका. एका दमात सगळं बोलली. काकू म्हणाल्या, हो का, बरं बरं, अगं आम्ही काही तसलं मानत नाही हं. गणपती घेतला आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

निनादला बोलावलं, त्याला सगळं सांगितलं, पोरगा ओशाळला, मला म्हणाला आंटी, तेव्हाच सांगायचं ना. आता कुणी कुणाला काय सांगायचं. जाळी काढली, घंटा काढली, मूर्ती आता हॉलमध्ये त्याच कोपऱ्यात आहे. काकू लिफ्टमध्ये हसतात, गुडघ्याची चौकशी करतात. डबा मात्र त्यानंतर आलेला नाही. कदाचित येईल, कदाचित त्यांना वाटत असेल की आम्हाला चालत नाही. बेल वाजली की आम्ही दोघी मान वर करतो, आणि कुरिअरवाला असतो.

सकाळी ऑफिसला जायच्या आधी प्रज्ञा मूर्तीपुढं मेणबत्ती लावते आणि मोठ्यानं वंदना म्हणते, आणि बाहेरचं दार सताड उघडं ठेवते, नुसतं लोखंडी जाळीचं दार ओढलेलं. सगळ्या पॅसेजमध्ये ऐकू जातं. आणि मी, कुणाच्या बापाला न भ्यालेली मी, मला उभं राहवत नाही हो, मी गुपचूप जाऊन दार लोटायला लागते. तशी ती डोळे न उघडताच म्हणते, राहू दे आई. मग मी दाराला हात लावून तशीच उभी राहते. सुखी राहो माझी पोर.