टेंपेचे सोळा आकडे

…आणि विचारते काय, तर "वागिमानकाका, पातेलं विसळायला पाणी किती लागतं?" आता तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं झाली मला टेंपे करायला, सोयाबीन शिजवायचं, सालं काढायची, बुरशीचं विरजण लावायचं, केळीच्या पानात बांधायचं, दोन दिवसांत पांढरी घट्ट वडी तयार, अर्धं मलांग शहर खातं, पण पातेलं किती पाण्यात विसळलं हे आजवर कुणाच्या बापानं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, स्वच्छ होईपर्यंत लागतं." तर तिनं ते लिहूनच घेतलं नाही.

ही विदीताई, विद्यापीठातली. वयानं माझ्या मुलीएवढी, काखेत वजनकाटा. हिला पाठवलं हॉलंडच्या एका गिऱ्हाइकानं. तिकडे आपली जावाची माणसं पुष्कळ, त्यांना टेंपेशिवाय जेवण जात नाही, आणि त्या साहेबाला आमच्या गल्लीतल्या पाचही घरांचं टेंपे हवं होतं. अट एकच, एका वडीपायी जगाचं किती वाटोळं होतं ते मोजून द्या. बरं, एक आकडा देऊन सुटका नाही, सोळा. हवा किती तापते, पाणी किती जातं, धूर किती, जमीन किती अडते, ओढ्यात शेवाळ किती माजतं, वर आकाशातल्या ओझोनला किती धक्का बसतो… अहो, मी आपला सोयाबीन शिजवणारा माणूस, मला आकाशापर्यंत कशाला नेता?

आकडे आले. बाकी चार घरांत गॅस, आमची चूल लाकडाची. "लाकूड पुन्हा उगवतं, म्हणून हवा तापण्याचा आकडा छान आहे काका," ती म्हणाली, "पण धुराचा फार वाईट." पाच घरांची ऑर्डर माझ्या एकट्याच्या धुरात अडकलेली, शेजारीपाजारी माझ्या धुराड्याकडे बघत जाताहेत, करतो काय? गॅस आणला. आमची बायको रुमिनी तीन दिवस बोलली नाही, तिच्या मते लाकडाशिवाय टेंपेला चव नाही. विदीताईनं पुन्हा मोजलं, म्हणाली, "धूर उतरला. पण तापणं चढलं." एक दाबला की दुसरा वर, आणि दाबायचे किती, तर सोळा… मी आपला सोयाबीन शिजवणारा माणूस, मला हात दोनच.

मग ओढा. शिजवलेलं पाणी आम्ही ओढ्यात सोडायचो, माझ्या बापानंही सोडलं. "त्यानं पाण्याला खत मिळतं काका, शेवाळ माजतं, मासे गुदमरतात." मी परसात खड्डा खणला, पाणी त्यात निवायला सोडलं, वर मागूर मासे पाळले. सालं तर माझा मेव्हणा तुमिरान आधीपासूनच शेळ्यांना नेतो. हे ऐकून बाईचा चेहराच फुलला. "मग दोष वाटून टाकता येतो की! थोडा टेंपेच्या नावावर, थोडा माशांच्या, थोडा शेळ्यांच्या."

एकतीस वर्षं धंदा केला, त्याहून जास्त संसार केला, पण दोष असा रीतसर वाटून देता येतो हे मला कुणी सांगितलं होतं का?

मला काय माहीत रुमिनी हे भावाला सांगेल. दुसऱ्या दिवशी तुमिरान दारात. "दाजी, माझ्या शेळ्यांनी ओझोनचं काय घोडं मारलं?"

"फार नाही रे, सात टक्के."

"सात? चरायला नेतो तेव्हा सगळ्या गावासमोर ताठ मानेनं चालतात त्या. आजपासून तुमचं साल हुंगणारसुद्धा नाहीत."

आणि नाही आला तो. चार दिवस सालांचा ढीग परसात, वर ऊन… रुमिनी आता बोलायला लागली होती, काय बोलत होती ते सांगत नाही. शेवटी मी विदीताईला घेऊन त्याच्या गोठ्यात गेलो. ती शेळ्यांशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "तुमिरानकाका, शेळ्यांची काही चूक नाही. त्या फक्त दाजींच्या ओझ्याला हातभार लावतात." त्यानं एका शेळीची मान खाजवली. मग म्हणाला, "घरच्याच आहेत, लावणारच," आणि पाटी उचलून सालं न्यायला निघाला. मी सोयाबीन शिजवणारा माणूस, पण त्या दिवशी त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

शेवटचा कागद आला. मी विचारलं, "ताई, सगळ्यात जास्त वाटोळं कशानं होतं?"

"सोयाबीननं. अमेरिकेत पिकतं, बोटीनं येतं. बराचसा भार तिथलाच."

"मग माझा गॅस, खड्डा, मासे?"

"फरक पडला ना. थोडा."

"किती थोडा?"

"काका, चहा गार होतोय," ती म्हणाली.

तरी कागद साहेबाला पसंत पडला, ऑर्डर आली, पाचही घरांत तळणं झालं, पहिला माल गोठवून बोटीनं गेला. मग साहेबाची चिठ्ठी: गोठवलेलं टेंपे आमच्या लोकांना आवडत नाही, ताजंच हवं, आठवड्यातून दोनदा विमानानं पाठवा.

विमानानं. मी चिठ्ठी घेऊन विदीताईकडे धावलो. "ताई, आता सोळाच्या सोळा बोंबलले?"

"नाही काका," ती म्हणाली, फार हळू आवाजात. "आपण मोजलंय ते तुमच्या दारापर्यंतच. पुढचं तुमच्या कागदात धरायचं नसतं."

तेव्हा तुम्हाला सांगतो, आता आठवड्यातून दोनदा गाडी येते, मी खोकी चढवतो… आणि चढवताना एक पाय उंबऱ्याच्या आतच ठेवतो.