चुंबकानं काढलेला कण

बिरू : पाकीट बायकोकडं दिलं, चेन काढली, करगोटाबी सोडला. आता घ्या की आत, ताई.

सायली : दादा, एमआरआयआधी विचारावंच लागतं. अंगात रॉड, स्क्रू काही?

बिरू : न्हाई.

सायली : डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?

बिरू : न्हाई. गुडघ्याचं इचारा की. कबड्डीत पाय रुतला, वरचं अंग फिरलं, आत टक्कन वाजलं. तवापासनं उभा ऱ्हायलो की गुडघा निसटतोय. कंपनीत ग्राइंडरवर दिवसभर उभंच ऱ्हावं लागतं. सायब म्हनतो, रिपोर्ट दाव, न्हाईतर दुसरा माणूस लावतो.

सायली : लिगामेंट तुटलंय की गादी फाटलीय, ते यातच दिसेल. पण ग्राइंडरवर म्हणालात ना? कण उडतच असतील.

बिरू : ते रोजचंच. त्याला काय लागलं म्हनत्यात व्हय?

तनुजा : अहो, दिवाळीत डोळा केवढा लाल झाला होता...

बिरू : तू गप गं. माघारी पाठवतील.

तनुजा : पाठवू देत. ताई, डॉक्टरकडं गेलेच नाहीत हे. यांचे कंपनीतले जोडीदार नूरमोहम्मदभाई, त्यांनी लोहचुंबक लावून कण काढला.

बिरू : आमच्याकडं समद्यांचा तसाच काढत्यात.

सायली : दादा, हे मशीनही चुंबकच आहे, त्याच्या कितीतरी पट ताकदीचं. आत काही उरलं असेल तर ते हलेल. नजर जाऊ शकते. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू.

बिरू : समदा निघालाय ओ. उद्या नूरभाई पिंपरीत कमरेचा एमआरआय काढणार हाय. त्याला म्हनलं, आधी मी करून सांगतो कसं असतंय. आता हसंल त्यो.

(एक्स-रे झाल्यावर.)

सायली : डॉक्टरांनी पाहिला. डाव्या डोळ्यात बारीक कण दिसतोय.

तनुजा : आई गं. आणि हे आत निघाले होते.

सायली : आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आजच.

बिरू : आन गुडघा?

सायली : पट्टा बांधा, भार देऊ नका. कण निघाला की मी तुमचा नंबर लावते.

तनुजा : कंपनीचं नंतर बघू. मला लई भ्या वाटतंय, चला आता.

बिरू : थांब. आधी नूरभाईला फोन लाव.

तनुजा : आता त्यांच्याशी भांडणार का?

बिरू : भांडतोय कशाला. त्याच्या डोळ्यातला मी काढलाय.